मे महिन्याच्या सुट्टीतला बेंदराचा बैल

“आबा, यंदा बैल कधी?”

शेवटचा पेपर देऊन आलेली पोरं दप्तर घरात टाकायच्या आधी माझ्या दारात उभी राहून हे विचारतात. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहतो. धंद्यानं पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, तालमीच्या भिंतीवरचे पैलवान आणि मारुती रंगवण्यात ३५ वर्षं गेली. फ्लेक्स आला, पाट्यांचं काम कमी झालं, दुपारी हात मोकळे राहू लागले. तेव्हापासून दर मे महिन्यात आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात गल्लीतली दहा-बारा पोरं बसतात आणि प्रत्येक जण स्वतःच्या हातानं मातीचा बैल घडवून रंगवतो. तीच रीत इथं सांगतो. पाच-सहा वर्षांच्या पोरापासून सातवी-आठवीतल्या पोरापर्यंत सगळ्यांना ती जमते.

बैलच का, तर बेंदरासाठी, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणासाठी. कागल, इचलकरंजीच्या बाजूला कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला येतो, म्हणजे वटपौर्णिमेच्याच दिवशी. महाराष्ट्री बेंदूर त्यानंतर आषाढात. ज्यांच्या गोठ्यात बैल आहेत ते आदल्या दिवशी खांदेमळणी करतात म्हणजे बैलाचे खांदे चोळतात, सणादिवशी बैलाला धुऊन, शिंगं रंगवून, झूल घालून मिरवतात. ज्यांच्याकडं बैल नाहीत ते कुंभाराकडनं मातीची जोडी आणून पाटावर पुजतात. शहरात आता बहुतेकांकडं ही मातीची जोडीच. पुजेची जोडी मीही कुंभाराकडनंच आणतो, तो त्याचा मान आहे. पण तिच्या शेजारी पोरानं स्वतः घडवलेला बैल ठेवला की त्या पाटाकडं पोरगं दिवसभर बघत राहतं. जोडी विकत आणायला पाच मिनिटं लागतात. घडवायला दहा दिवस लागतात, आणि सुट्टीत पोरांकडं दिवसच तर असतात.

माती

शाडू घ्या. पापाची तिकटी, गंगावेश, शाहूपुरी, बापट कॅम्प, कुठल्याही कुंभार वस्तीत मिळते. मे महिन्यात तिथं गणपतीची कामं सुरू झालेली असतात, त्यामुळं शाडूची पोती आलेली असतात. पोरांना सोबत न्या. ओळीनं उभे असलेले अर्धे घडलेले गणपती बघितले की निम्मं शिकवणं तिथंच होतं. दहा बैलांना ३ किलो कोरडी शाडू पुरते, थोडी उरतेसुद्धा.

शेतातली काळी माती आणू नका. एका वर्षी पोरांनी हौसेनं घमेलंभर काळी माती आणली, मीही नको म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी एकेका बैलाच्या पाठीवर बोटभर भेगा. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात ना, तेच कारण. ही माती पाण्यानं फुगते आणि वाळताना फार आक्रसते. शाडू कमी आक्रसते.

शाडूची ढेकळं बत्त्यानं फोडा, जुन्या चाळणीनं चाळा. हे अंगणात करायचं, नाकातोंडाला रुमाल बांधून, कारण तिची धूळ बारीक असते आणि छातीत जाते. लहान पोरांना या कामापासून लांब ठेवा. मग घमेल्यात घालून वरून पाणी शिंपडत जा. किलोला साधारण एक-दीड पेला पाणी लागतं, पण एकदम ओतू नका. मूठभर कापूस बारीक पिंजून त्यात मिसळा. या तंतूंनी माती धरून राहते, शिंगं आणि पाय सहजी तुटत नाहीत. ओल्या गोणपाटाखाली रात्रभर झाकून ठेवा.

सकाळी मळायला पोरांना बसवा. भाकरीचं पीठ जसं तळहातानं रेटून मळतात तसं, वीस मिनिटं तरी. बोटाला चिकटायची थांबली आणि वळी करून वाकवली तरी तडा गेला नाही, की माती तयार.

घडवणं

प्रत्येकाला तीनशे ग्रॅमचा एक गोळा. साधारण मोठ्या वांग्याएवढा. इथं एक गोष्ट आधी ठरवून घ्या. पोरं नेहमी धड वेगळं, पाय वेगळे, डोकं वेगळं करून चिकटवायला बघतात, आणि जिथं सांधा तिथं तुटतं. म्हणून शक्य तेवढं एकाच गोळ्यातून ओढून काढायचं. गोळा लांबट करा, खालच्या बाजूनं चार कोपरे चिमटीनं ओढा, ते पाय. पाय अंगठ्याएवढे जाड आणि आखूड. खरा बैल उंच असतो हे पोरांना माहीत असतं, ती हट्ट करतात, पण मातीला उंची झेपत नाही. पुढनं एक टोक वर ओढलं की मान आणि डोकं. आता बैल उलटा करून पोटाला अंगठ्यानं आत दाबत पोकळ करा. बाजूची जाडी बोटाएवढी राहिली पाहिजे. धड भरीव ठेवलं तर बाहेरनं वाळतं, आत ओलं राहतं आणि तडकतं. पोट पोकळ झालं की काडीनं तिथंच पोराच्या नावाचं पहिलं अक्षर कोरायचं, नाहीतर पुढं दहा बैलांत कुठला कुणाचा यावरनं भांडणं होतात.

बैल सरळ उभा करून पोटाखाली काडेपेटी ठेवा, म्हणजे पाय फाकत नाहीत. माती जरा घट्ट झाली की ती काढून घ्यायची.

वशिंड विसरू नका. वशिंड नसलं तर ती गाय होते, म्हैस होते, काहीही होतं, बैल होत नाही. मानेखाली लोंबणारी पोळीही तशीच, दोन बोटांच्या चिमटीनं माती पातळ करत खाली ओढली की येते. शेपूट मोकळी सोडू नका, मागच्या पायाला चिकटवून द्या.

शिंगं मात्र वेगळी करावी लागतात. आपल्या भागातला खिलार म्हणजे लांब, मागं जाऊन वर उचललेली टोकदार शिंगं. पोरांना तीच हवी असतात आणि तीच हवीत. बुडाला करंगळीएवढी जाड, वर निमुळती, दोन पेरांएवढी लांब वळी करा. डोक्यावर आणि शिंगाच्या बुडाला जुन्या कंगव्यानं आडवेउभे ओरखडे काढा, मध्ये दह्याएवढ्या दाट मातीचा लेप लावा आणि दाबून बसवा. सांध्याभोवती मातीची बारीक वळी फिरवून बोटानं पुसून घ्या. शिंग आणि डोकं दोन्ही सारखंच ओलं असलं पाहिजे. एक वाळकं, एक ओलं असलं की दोघं वेगवेगळ्या मापानं आक्रसतात आणि सांधा सुटतो. आत काडी किंवा तार घालू नका. काडी आक्रसत नाही, माती आक्रसते, आणि शिंग उभं चिरतं.

कान शिंगांच्या खाली, बाजूला. हे सांगूनही निम्मी पोरं वर लावतात. लावू देत.

शेवटी ओल्या बोटानं सगळं अंग हलकं पुसून घ्या. आत्ता पुसलं की पुढं पॉलिश पेपर घासावा लागत नाही आणि धूळही उडत नाही.

वाळवण

पाच दिवस. सावलीत, लाकडी फळीवर, कागद घालून. पहिल्या दिवशी वर पातळ कापड टाका. पंख्याखाली नको, उन्हात तर नकोच. मेच्या उन्हात पोरांना वाटतं दुपारपर्यंत वाळेल, आणि खरंच वरनं वाळतं. वरचं आधी आक्रसतं, आतलं ओलं राहतं, मग पाठ फुटते. रोज सकाळी बैलाची दिशा बदलून ठेवायला पोरांना बोलवायचं. तेवढ्यासाठी ती धावत येतात.

वाळला का हे डोळ्यांनी कळत नाही. बैल उचलून गालाला लावा. गार लागला तर अजून आत पाणी आहे. गालाएवढाच कोमट लागला आणि नखानं टिचकी मारल्यावर ठणठणीत आवाज आला की वाळला. माझी नात सहा वर्षांची असताना रोज सगळे दहा बैल एकेक करून गालाला लावून बघायची आणि “ह्यो अजून गार हाय की ओ आबा” म्हणून सांगायची. तिचा अंदाज चुकत नसे.

आणि वळवाकडं लक्ष ठेवा. आमच्याकडं मेच्या संध्याकाळी आभाळ काळं झालं की अर्ध्या तासात वारा, धूळ, गारा, पाऊस, सगळं एकदम येतं. एका वर्षी मी बैल गच्चीवर शेडखाली ठेवले आणि कामाला गेलो. वाऱ्यानं पत्र्याखालनं पाऊस आत घुसला. परत आलो तर फळीवर चिखलाचे नऊ ढीग, एकाचंच डोकं ओळखू येत होतं. सात वर्षांचा एक पोरगा जिन्यात बसून मुसमुसत होता. त्याला मी काय बोलणार? चूक माझीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माती गोळा करून गोणपाटावर पसरली, पाणी निथळू दिलं, परत मळली. न भाजलेली माती पाण्यात विरघळते, पण वाया जात नाही, हे त्या दिवशी पोरांना हातानं कळलं. दुसऱ्या खेपेचे बैल पहिल्यापेक्षा चांगले झाले, त्या पोराचा तर फारच. तेव्हापासून वाळवण सोप्यातच.

पांढरा हात

रंगाआधी पांढऱ्याचा एक हात द्यायचा. रंगाच्या दुकानात व्हायटिंग पावडर मिळते, ती घ्या. एक चमचा फेविकॉल, तीन चमचे पाणी, आणि त्यात घट्ट ताकाएवढी दाट होईपर्यंत व्हायटिंग. बैल पाण्यात विसर्जित करायचा असेल तर फेविकॉलऐवजी बाभळीचा डिंक रात्री भिजवून गाळून घ्या.

न भाजलेल्या मातीला ब्रशचं पाणी लागलं की ती परत मऊ पडते. म्हणून अर्धा इंची चपटा ब्रश, भरपूर रंग, आणि एका जागेवरनं एकदाच. परत परत घासलं की खालची माती वर येते आणि पांढरा मळकट होतो. वाळू द्या, मग दुसरा हात. पोटाची आतली बाजू कोरी ठेवा.

पूर्वी यासाठी चुना वापरत. पोरांच्या हातात चुना देऊ नका. डोळ्यात उडाला तर डोळा जातो.

रंग

माझ्या सोप्यात पाचच रंग असतात. पांढरा, गेरू, पिवळी माती, काजळी आणि नीळ. पावडर डिंकाच्या पाण्यात कालवायची, दोन बोटांत घासून खर लागली तर आणखी घोटायची. ज्यांना एवढं करायचं नाही त्यांनी पोस्टर कलरच्या बाटल्या आणाव्या, चालतं. एखादं पोरगं “एवढेच रंग?” म्हणतं. तेव्हा मी त्याला आबालाल रहिमान यांचं सांगतो. आपल्या कोल्हापूरचे, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, १९३१ साली गेले. कोटीतीर्थाच्या काठी राहायचे आणि हाताशी पैसा नसायचा तेव्हा रंगसुद्धा स्वतः तयार करून चित्रं काढायचे. या गावात चित्रं आणि सिनेमे काढणाऱ्या बाबूराव मेस्त्रींना लोकांनी ‘पेंटर’ हेच आडनाव दिलं. माझ्यासारख्या पाटी रंगवणाऱ्याला त्या शब्दाचा मान आहे, म्हणून ब्रश कसा धरायचा हे मी पोरांना नीट शिकवतो.

त्याआधी तीन गोष्टी घरातून बाजूला काढा. शेंदूर: जुन्या पद्धतीच्या शेंदरात शिसं असतं, पोरं बोटं तोंडात घालतात. ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन: मी आयुष्यभर त्याचा वास घेतलाय, पोरांनी घेऊ नये. आणि गुलाल. जोतिबाच्या चैत्र यात्रेचा गुलाल प्रत्येक घरात पुडीत शिल्लक असतो, तो बैलाला लावायचा मोह होतो. पण त्यातला रंग पाण्यात पसरतो आणि पांढऱ्यावर गुलाबी डाग उमटतात, मग काही केल्या निघत नाहीत. गुलाल पुजेच्या दिवशी कोरडाच लावा. हळद लावायला हरकत नाही, पण उजेडात ती लवकर उडते.

आता ब्रश. पोरं पेन्सिलीसारखा खाली धरतात. जरा वर धरा, आणि करंगळी बैलाच्या अंगावर टेकवा. आम्ही पाटी लिहिताना हात असाच टेकवतो, म्हणजे तो कापत नाही. रेघ नेहमी स्वतःकडं ओढायची, पुढं ढकलायची नाही. ढकलली की केस फाकतात. रेघ वळवायची असेल तर हात वाकडा करू नका, बैल फिरवा. ब्रश रंगात बुडवला की वाटीच्या काठावर दोन्ही बाजूंनी पुसून त्याला टोक आणायचं. रंगवायच्या आधी वर्तमानपत्रावर वीस रेघा काढायला लावतो. पहिल्या पाच वाकड्या येतात, विसावी येईपर्यंत चेहरा बदललेला असतो.

आधी अंग. खिलार अगदी पांढराशुभ्र नसतो, मान आणि खांद्याकडं करडी झाक असते. पांढऱ्यात काजळीचं एक बोट मिसळून ती झाक ओल्यातच पसरवा. वडगावच्या जनावरांच्या बाजारात किंवा कुणाच्या गोठ्यात पोरांना एकदा खरा बैल दाखवून आणलात तर ही झाक त्यांना सांगावी लागत नाही. बैल निळा हवा असेल तर निळा. गल्लीतल्या एका पोरीनं हिरव्या ठिपक्यांचा निळा बैल केला होता, तिला कुणी काही म्हटलं नाही आणि म्हणायचंही नव्हतं.

अंग पूर्ण वाळल्यावर झूल. पोस्टर कलर आणि डिंकाचे रंग वाळल्यावरही पाण्यानं परत सुटतात, म्हणून वरचा रंग लावताना घासू नका, ठेवून द्या. पाठीवर गेरूचा मोठा चौकोन, त्याला पिवळी किनार, आत जे सुचेल ते: चांदण्या, आरसे, कोयऱ्या, कुणी आपल्या तालमीचं नावसुद्धा लिहितं. शिंगांना गेरू. खऱ्या बैलांच्या शिंगांना हुरमुंज लावतात, तिच्या तांबड्याशी गेरू चांगला जुळतो. शिंगाच्या टोकाला बेगडाचा तुकडा चिकटवा, चॉकलेटचा सोनेरी कागदही चालतो. कपाळावर बाशिंग, नाकात वेसण काळ्या रेघेनं.

गळ्यातली घुंगुरमाळ पोरांना सगळ्यात जास्त आवडते. ब्रशची मागची बाजू पिवळ्या रंगात बुडवायची आणि परत न बुडवता एकामागोमाग पाच ठिपके टेकवायचे. प्रत्येक ठिपका आधीच्यापेक्षा लहान होत जातो. छातीच्या मधनं सुरू करून एकदा डावीकडं पाच, परत बुडवून उजवीकडं पाच. मध्ये मोठं घुंगरू, कडेला लहान, आपोआप. पुसायचं नाही, जुळवायचं नाही. हे एकदा जमलं की पायात चाळ, झुलीला मोती, शेपटीला गोंडा, सगळीकडं ठिपके सुरू होतात. आवरू नका. गोंड्यांना लोकरीचे तुकडे डिंकानं लावा.

डोळा

मूर्तिकार डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी करतात, आम्हीही बैलाचा डोळा शेवटी ठेवतो. दोन नंबरचा बारीक ब्रश, दाट काजळी. डोळा माणसासारखा समोर नाही, डोक्याच्या बाजूला. बदामासारखा लांबट, आत काळा, वर एक पांढरा ठिपका. ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच अंगाला, वरच्या बाजूला. तो ठिपका पडला की बैल बघायला लागतो. त्या क्षणी सोप्यात आवाज बंद होतो, मी दरवर्षी बघतो.

आणि इथंच मोठ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. एका वर्षी एका पोराचे दोन डोळे दोन उंचीवर आले. न्यायला आलेल्या त्याच्या आईनं प्रेमानंच ब्रश घेतला आणि डोळा नीट करून दिला. फार सुबक केला. पोरगं काही बोललं नाही, पण जाताना बैल तिथंच ठेवून गेलं. नंतर मी ओल्या कापसानं तो डोळा पुसला, पांढऱ्याचा हात दिला आणि दुसऱ्या दिवशी त्याला परत काढायला बसवलं. त्यानं तो पहिल्यासारखाच खाली काढला आणि बैल उचलून घरी पळाला. शिंग तुटलं तर चिकटवून द्या, रंग सांडला तर पुसून द्या, ब्रश धरून दाखवायचा असेल तर वर्तमानपत्रावर दाखवा. बैलाला हात लावू नका.

बेंदरादिवशी पाटावर तांदळाची रास, तिच्यावर कुंभाराची जोडी आणि शेजारी पोराचा बैल. हळदीकुंकू, गुलाल, पुरणपोळीचा नैवेद्य. ज्यांना बैल ठेवायचा आहे त्यांनी फेविकॉल आणि पाणी सारखं घेऊन पुजेआधीच एक पातळ हात द्यावा, ब्रश एकदाच फिरवून. ज्यांना विसर्जन करायचं त्यांनी पंचगंगेवर जायची गरज नाही, घरची बादली पुरते. बेगड आणि लोकर आधी काढून घ्या, पुढच्या वर्षी चालतात. बैल पाण्यात अलगद उभा करा. पोटाखाली रंग नसतो, तिथनं पाणी शिरतं आणि बुडबुडे यायला लागतात. पोरं बादलीभोवती उकिडवी बसून शेवटपर्यंत बघतात. गेरू, व्हायटिंग आणि डिंकच वापरला असेल तर तळाशी बसलेला गाळ दुसऱ्या दिवशी फुलझाडांच्या कुंडीत ओता. आमच्याकडं तो अबोलीला जातो.